फुगवटा

आयर्विन पुलाच्या खांबावर फुटांचे आकडे आहेत.
एकतीस वर्षं मी ते वाचले.
पावसाळ्यात तासातासाला, रात्री बॅटरी मारून,
आणि फोनवर सांगितले:
अडतीस फूट चार इंच. मगदूम बोलतोय.
चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका.

माणसाच्या पायावर असे आकडे नसतात.

पहिल्यांदा बायकोनं पाहिलं.
सूर्य बुडायच्या आत जेवायला बसलो होतो.
"पायाला काय झालंय वो तुमच्या?"
मोज्याची वळी नडगीत रुतलेली.
तिनं अंगठा दाबला, उचलला.
कणकेत राहतो तसा खळगा राहिला,
आणि आम्ही दोघं
तो भरून यायची वाट बघत बसलो.
आमटी गार झाली.

त्याआधीचं मी धरलंच नव्हतं.
विष्णू घाटाच्या पायऱ्या चढताना
मधेच थांबून नदी बघायचो.
लोकांना वाटायचं, जुनी सवय.
उशा एकीच्या दोन, दोनाच्या तीन झाल्या.
रात्री दोनला बुडाल्यासारखा उठायचो,
खिडकी उघडून, पाय खाली सोडून बसायचो.
खोकला मी मार्केट यार्डातल्या हळदीवर ढकलला.
चप्पल घट्ट झाली, ती चांभारावर.

मिरजेला डॉक्टर कोरबूबाईंनी
मानेची शीर निरखली, पाठीला नळी लावली.
तळाला बुडबुडे वाजतायत म्हणाल्या.
पट्टी काढली, रक्त घेतलं,
मग अंधाऱ्या खोलीत, डाव्या कुशीवर, गार जेलीखाली
पडद्यावर माझं हृदय आलं.
मला वाटायचं, लाल असेल.
राखाडी होतं, पहाटेच्या पाण्यासारखं.
एक भिंत हलत होती. दुसरी नुसती उभी.

"छातीत कधी दुखलं होतं?"
दुखलं होतं. मोठ्या पुरात, ड्युटीवर.
घाम फुटला, डावा खांदा भरून आला.
ॲसिडिटीची गोळी चघळली
आणि पुढच्या तासाचं रीडिंग घेतलं.
"ती ॲसिडिटी नव्हती, मगदूम.
आणि बीपीची गोळी?"
बरं वाटलं म्हणून सोडली होती.

तीस टक्के, म्हणाल्या.
म्हणजे सत्तर गेलं?
"शंभर कुणाचंच नसतं. साठ म्हणजे झकास.
भरलेल्यातलं दर ठोक्याला पुढं किती जातं, त्याचा हिशेब."
कागदावर मात्र फेल्युअर लिहिलेलं.
सातवीला मी गणितात फेल झालो होतो.
तेव्हाही बंद पडलो नव्हतो.
"बंद नाही पडलं, थकलंय.
पुढं रेटा कमी पडला की मागं फुगवटा येतो.
फुप्फुसात, पोटात, पायात."

फुगवटा.
बाई, हा शब्द तुम्ही मला सांगता?
सांगलीत थेंब नाही, लख्ख ऊन,
आणि गटारातून पाणी उलटं गल्लीत येताना
मी उभा राहून बघितलंय.
लोक म्हणायचे, नदी चढली.
मी म्हणायचो, पुढं अडली.

आता खात्याची जुनी वही काढलीय.
तारीख, वेळ, वजन.
तीन दिवसांत दोन किलो चढले तर फोन करायचा.
पाणी तांब्यानं मोजून.
मीठ जवळजवळ बंद.
बायको अष्टमी-चतुर्दशीला मीठ सोडायची, तिला पुण्य लागायचं.
माझं रोजचंच, आणि मला नुसती चिठ्ठी.
भडंगाचा वास आला की मी तोंड फिरवतो.
सकाळच्या गोळीनं दहा वाजेपर्यंत विसर्ग चालू असतो,
हा शब्द माझा. तिला आवडत नाही.

काट्यावर उभा राहिलो की
वाकून आकडा बघवत नाही, दम लागतो.
ती वाचते. चष्म्याशिवाय. सहाला आठ म्हणते.
मी चिडतो.
"एवढं काय त्यात? एखादा आकडा."

एखादा आकडा चुकला, अक्काताई,
की खालची गावं झोपून राहतात.

ती चष्मा शोधायला जाते.
मी काट्यावर तसाच उभा.